पैशाचं नंतर बघू

"पैशाचं काय एवढं, नंतर बघू की!"

मंडळी, हे वाक्य बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर नेहमी एक प्रेमळ हसू असतं, हे कधी लक्षात आलंय तुमच्या? माझ्या आलंय. गेली सतरा-अठरा वर्षं मी कापडावर रंगवलेले अभ्रे, पिशव्या आणि दुपट्टे घेऊन वाशीम, अकोला, अमरावती, नागपूर आणि वर्षातून एकदा पुणे अशा प्रदर्शनांमधून बसते आहे. इतक्या वर्षांत भांडकुदळ गिऱ्हाइकानं माझे पैसे बुडवल्याचं मला एकदाही आठवत नाही. बुडवले ते गोड बोलणाऱ्यांनी. म्हणून आज त्यांच्याविषयीच लिहायचं ठरवलंय. आमच्या नात्यातली मंडळीही इथे वाचतात, त्यांनी राग मानू नये. किंवा मानावा, खुशाल मानावा.

आधी एक गैरसमज दूर करते. दर दिवाळीला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड फिरतो. पणत्या विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा फोटो, आणि खाली "मॉलमध्ये करता का घासाघीस? मग गरीब कारागिराशी कशाला?" वगैरे. आमच्या घरच्या ग्रुपवर तो एकाच दिवशी चौघांनी टाकला होता. मला तो फॉरवर्ड अजिबात आवडत नाही. का, ते सांगते. भाव करणारा माणूस मला दुकानदार समजतो, बरोबरीचा समजतो. फॉरवर्ड टाकणारा मला गरीब समजतो. आणि गरिबाला आपण दया देतो, पैसे नाही!

भाव करणारी बाई कशी असते बघा. ऊन मावळलं की येते, पिशवी उलटी करून शिवण बघते, नाक मुरडते.

"कितीले हाय वं ही?"

"साडेतीनशे."

"बाप्पा! बजारात दीडशेले भेटते."

"ते छापलेली हाय मावशी. हे हातानं रंगवलेली हाय."

"तीनशे घे."

"सव्वातीनशे द्या, तुमच्यासाठी."

मावशी बटव्यातून घड्या घातलेल्या नोटा काढते, थुंकी लावून मोजते, पिशवी काखेत मारते आणि निघून जाते. पंचवीस रुपये गेले माझे. सव्वातीनशे आले. हिशोब मिटला, रात्री झोप लागते.

आता दुसरं गिऱ्हाईक. "अय्या, किती सुंदर! तुमच्या हातात जादू आहे हो! हे तुम्ही स्वतः करता? सगळं? हे दोन दुपट्टे बाजूला ठेवा हं, मी संध्याकाळी येतेच." फोटो काढून झाले, माझ्याबरोबर सेल्फी झाला. दोन दुपट्टे तीन दिवस टेबलाखाली. संध्याकाळ काही झाली नाही. कुणी विचारलं तर मी आपली "ते दिलेत बाई" म्हणत बसले.

तर घासाघीस करा, बिनधास्त करा. माझं भांडण भाव ठरल्यानंतर जे होतं त्याच्याशी आहे.

जांगड हा शब्द नव्या पोरांना माहीत नसेल. माल दुकानात नेऊन ठेवायचा, विकला तर पैसे, नाही तर माल परत. कापड बाजारात आणि सराफ्यात हा रिवाज फार जुना आहे आणि वाईट मुळीच नाही. दोन व्यापाऱ्यांमध्ये तो नीट चालतो, कारण दोघांकडे वही असते आणि दोघांना एकमेकांची गरज असते. आमच्यासारख्यांशी मात्र जांगड एकतर्फी चालते. एका शहरातल्या एका देखण्या दुकानानं (नाव राहू द्या) दसऱ्याला माझ्याकडून चौदा दुपट्टे नेले. दिवाळी झाली. "सीझनचा हिशोब लागला की कळवतो." संक्रांत झाली. "ताई, अकाउंटंट रजेवर आहेत." चैत्रात कुरियरनं सहा दुपट्टे परत आले, त्यातला एक काचेच्या खिडकीत टांगून घडीवर पांढरा पडलेला. उरले आठ. आठाचे पैसे मागितले तर पाचाचे आले, तेही जेठात. बाकीचे तीन? "ते सॅम्पलमध्ये गेले." म्हणजे कुठे गेले हे मी अजून शोधते आहे!

गंमत अशी की याचा कायदा आपल्याकडे जुना आहे. १९३० चा माल विक्री कायदा, त्याचं २४ वं कलम. पसंतीवर किंवा 'विका नाहीतर परत करा' या बोलीवर नेलेला माल ठरलेल्या मुदतीत नको म्हणून कळवला नाही आणि ठेवून घेतला, तर मुदत संपली की तो नेणाऱ्याच्या मालकीचा होतो. म्हणजे विकला गेला, पैसे द्या. मुदतच ठरवलेली नसेल तर 'वाजवी मुदत' धरायची. सगळी गोम इथेच आहे. मुदत कुणी लिहितच नाही, आणि वाजवी म्हणजे किती यावर कोर्टात कोण जाणार, तीन दुपट्ट्यांसाठी?

म्हणून एक कागद लागतो. नग किती, प्रत्येकाचा भाव काय, परत करायची शेवटची तारीख कोणती, डागाळला तर कुणाचा, खाली सही. पाच ओळी. हा कागद पुढे केला की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. "अहो ताई, आपल्यात कसले कागद? विश्वास नाही का?" विश्वास आहे हो. विश्वास आहे म्हणून तर माल देते आहे, नाहीतर पाहुण्यासारखा चहा पाजून वाटेला लावलं असतं. अजून एक. उद्यम नोंदणी केलेली असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानं खरेदीदाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस मिळतात, करार नसेल तर १५. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. नोंदणी फुकट आहे, आधारवर होते. या कायद्याचं नाव नुसतं बिलाच्या खाली छापलं तरी अकाउंटंट रजेवरून लवकर परत येतात असा माझा अनुभव आहे. :)

आता प्रदर्शनांकडे वळते. हल्ली बऱ्याच ठिकाणी मधोमध एकच बिलिंग काउंटर असतो. गिऱ्हाईक स्टॉलवर वस्तू निवडतं, आपण चिठ्ठी फाडून देतो, पैसे तिकडे भरले जातात. आयोजकांचं म्हणणं की यानं हिशोब पारदर्शक राहतो, गिऱ्हाइकाला पक्कं बिल मिळतं, बायकांना रोकड सांभाळावी लागत नाही. मला पटतं. खरंच पटतं, गर्दीत गल्ला सांभाळत भाव करणं सोपं नाही. पण मग संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर त्या दिवसाचे पैसे त्या दिवशी का देत नाहीत? संगणक आहे, चिठ्ठ्या आहेत, खाते नंबर तर फॉर्मवरच घेतलेत. "सगळं आटोपलं की पंधरा-वीस दिवसांत जमा होतील." कोणाचं आटोपलं की?

कारण बघा, त्या मैदानात बाकी प्रत्येकाला पैसे मिळालेले असतात. मांडववाल्यानं आगाऊ घेतलेत. साउंडवाला, लाइटवाला, फ्लेक्सवाला, सगळे रोख. आमच्याकडून स्टॉलचं भाडं दोन महिने आधी घेतलं, "मुदतीत न भरल्यास स्टॉल रद्द" असं ठळक अक्षरात. ट्रॅव्हल्सवाल्यानं टपावरच्या गठ्ठ्याचे वेगळे मोजून घेतलेत. चहावाला पोरगा सुद्धा कप ठेवतो आणि उभा राहतो. ज्यांच्या वस्तूंसाठी हा सगळा मांडव पडला त्या बायाच तेवढ्या उधारीवर! वर उद्घाटनाच्या भाषणात त्यांचंच कौतुक. आमच्या वाशीमला तर भाषणाला साहित्य भरपूर. हे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न इथेच लावून दिलंय. प्रत्येक पाहुणा हे सांगतो. त्या लग्नाच्या मांडववाल्याचे पैसे कोणी दिले ते मात्र राजशेखर लिहीत नाही... असो.

मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट याच्याही पुढची आहे.

एका प्रदर्शनात शेजारच्या टेबलावर मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या बंजारा बाई होत्या. साठीच्या पुढच्या. सगळं प्रदर्शन त्यांना याडी म्हणायचं, म्हणजे आई. भरतकाम म्हणावं तर त्यांचं. फेटिया, कांचळी, छांटिया हे अंगावरचे कपडे ज्या टाक्यांनी भरतात तेच टाके आता उशांच्या अभ्र्यांवर, तोरणांवर, मोबाइलच्या पाकिटांवर उतरलेत. आरसे, जाड सुती दोरा, कडेला कवड्या. कवडी हे एके काळचं चलन बरं का, या देशात खरेदी-विक्रीत चालणारं. आपण आता 'कवडीमोल' म्हणतो तो भाग निराळा.

आणि ही माणसं कोण? लमाण. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा हिंदुस्थान पायाखाली घालणारे. मोगलांच्या, मराठ्यांच्या, इंग्रजांच्याही फौजांना रसद पुरवणारे. सैन्याच्या तळावर भाव ठरवायला यांच्यासमोर भलेभले बसत असतील. मग आगगाड्या आल्या, बैलांचे तांडे थांबले. पुढे ब्रिटिशांच्या राज्यात त्यांच्यातल्या कित्येकांवर गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला, तो कायदा १९५२ साली गेला. सांगायचं एवढंच की व्यापार या लोकांना कुणी शिकवायची गरज नाही. याडीचं भाव करणं मी तीन दिवस ऐकलं. एका साहेबांना तिनं असं काही घोळात घेतलं की ते दोन अभ्रे घ्यायला आले आणि सहा घेऊन गेले.

पण गिऱ्हाइकानं फोन काढला की याडी एका पुठ्ठ्याकडे बोट दाखवायची. पुठ्ठ्यावर क्यूआर कोड. कोडखाली एका पुरुषाचं नाव. पुण्याला असणाऱ्या पुतण्याचं! पैसे त्याच्या खात्यात टणटण पडत होते आणि याडीला आज किती आले ते ठाऊक नव्हतं. रात्री फोन करून विचारायचं, तो सांगेल तो आकडा. पुतण्या लबाड आहे असं मी म्हणत नाही. माझी त्याची ओळखही नाही. मी एवढंच म्हणते की जिला भाव करता येतो तिला तिची कमाई दुसऱ्याकडून फोनवर ऐकावी लागते.

हिशोब करून बघू. अभ्र्याच्या एका दर्शनी बाजूला तिला चार दिवस लागतात, शेत आणि स्वयंपाक सांभाळून नव्हे, सलग बसली तर. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. चार दिवसांचे झाले १,२४८. कापड, दोरा, आरसे वेगळे. अभ्रा विकला गेला सहाशे-सातशेला. म्हणजे खड्डे खणण्यापेक्षा निम्मी मजुरी, आणि तीही पुतण्याच्या खात्यात.

यूपीआय आल्याला आता दहा वर्षं होत आली, २०१६ सालची गोष्ट. सुरुवातीला ठीक होतं, फोन पोरांकडेच होते, खाती नव्हती. आता खातं नाही हे कारण चालणार नाही. जनधन २०१४ पासून आहे. २०२४ मध्ये लाडकी बहीण आली तेव्हा बाईच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या खात्याशिवाय पैसे मिळणार नव्हते. तेव्हा तांड्यातांड्यावर बँकेसमोर रांगा लागल्या आणि दोन महिन्यांत सगळ्यांची कागदपत्रं नीट झाली. सरकारकडून दीड हजार घ्यायला बाईचं खातं चालतं, तर तिच्या हातचे अभ्रे विकायला का चालू नये?

अडचण खरी कुठे आहे तेही सांगते. याडीचं खातं आहे. त्या खात्याला नंबर जोडलाय तो लेकाचा. यूपीआय सुरू करायचं तर खात्याशी जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये लागतं. म्हणजे खातं आईचं आणि किल्ली लेकाकडे. बँकेत एक अर्ज आणि स्वतःच्या नावाचं एक सिम, एवढं काम आहे. डेबिट कार्ड नसेल तरी बऱ्याच बँकांमध्ये आधारच्या ओटीपीवर पिन ठरवता येतो. हे काम बचत गटाच्या ताई करू शकतात, प्रदर्शन भरवणारे करू शकतात. स्टॉलच्या फॉर्मवर "क्यूआर कोड स्टॉलधारकाच्याच नावाचा असावा" अशी एक ओळ घालायला काय जातं? फ्लेक्सवर मंत्र्यांच्या फोटोंचा क्रम ठरवायला चार बैठका होतात, त्यातली एक इकडे द्या.

मोठ्या योजनांचंही असंच. २०२३ साली पीएम विश्वकर्मा आली, त्यात डिजिटल व्यवहारामागे एक रुपया प्रोत्साहन, महिन्याला शंभर व्यवहारांपर्यंत. छान. पण यादीत अठरा व्यवसाय आहेत, त्यात शिंपी आहे, माळी आहे, बाहुल्या करणारा आहे, भरतकाम करणारी बाई मात्र नाही. शेजारच्या कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला जीआय मानांकन मिळालेलं आहे. आमच्याकडे पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ ला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, ते बघायला जरूर जा, वास्तू देखणी आहे. पण बाहेर पडल्यावर रस्त्याकडेला तोरण विकणारी दिसली तर पैसे देण्याआधी कोडखालचं नाव वाचा आणि तिला विचारा, "हे तुमचंच ना?" नाही म्हणाली तर रोख द्या. नोट थेट हातात पडते.

स्वतःचा कोड म्हटलं की बायका दोन भीती बोलून दाखवतात. एक, जीएसटीची. २०२५ च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, बंगळूरूत लोकांनी कोड काढून "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या, आणि ती बातमी आमच्या स्टॉलपर्यंत पोचली. अहो, महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. परराज्यात प्रदर्शनाला गेलात तरी यादीतल्या हस्तकलेच्या वस्तूंना २० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट आहे, पॅन मात्र हवा. आमच्यापैकी कुणाची विक्री वीस लाख झाली तर मी स्वतः पेढे वाटीन. दुसरी भीती खातं गोठण्याची. ही खरी आहे. कुणी फसवणुकीच्या पैशांतून खरेदी केली तर तपासात आपल्या खात्यावरही टाच येऊ शकते. म्हणून प्रदर्शनासाठी खातं वेगळं ठेवावं आणि कच्च्या पावतीवर नग, रक्कम आणि तारीख लिहावी. बँकेत दाखवायला काहीतरी हातात असतं. आणि गिऱ्हाइकाच्या फोनवरचं हिरवं टिकचिन्ह बघून माल द्यायचा नाही, आपल्या फोनवर मेसेज येईपर्यंत थांबायचं. खोटं चिन्ह दाखवणारी अ‍ॅप्स असतात. त्यात अपमान कसला? थांबा म्हटलं तर खरं गिऱ्हाईक थांबतं.

राहिले नातेवाईक. (पळू नका.) नातेवाइकांचं 'नंतर बघू' सगळ्यात अवघड, कारण त्यात जेवणखाण, आहेर, लहानपणचं कडेवर घेणं असं सगळं मिसळलेलं असतं. "घरचीच तर आहे, हिला काय पैसे द्यायचे!" किराणावाला आपल्याच गल्लीतला असतो, त्याला असं कुणी म्हणत नाही. भाची डॉक्टर झाली की तिची फी कमी करून घेतात, पण देतात. रंगवणारी भाची मात्र 'आवड' म्हणून करते! आवड आहेच. रंग आणि कापड देणाऱ्याला तिच्या आवडीशी देणंघेणं नाही, त्याला महिनाअखेरीस पैसे लागतात. भेट द्यायची तेव्हा मी देतेच, आणि ती मी ठरवून देते. ऑर्डर म्हणजे ऑर्डर.

तेव्हा नागपूरच्या आत्या, तुम्ही परवा फोनवर लग्नाच्या आहेरासाठी बारा पिशव्या सांगितल्यात. एक पिशवी साडेतीनशेची आहे. तुम्ही तीनशे म्हणाल, मी सव्वातीनशेवर येईन, म्हणजे झाले ३,९००. निम्मे, १,९५० रुपये, या आठवड्यात पाठवा, कापड आणायचं आहे. कोडखाली माझं नाव येईल, ते बघून घ्या.